बाळंतीण दवाखान्यात का थांबत नाही? रिवाज, भाषा, मजुरी आणि आरोग्यसेवा

सिपना:

नमस्कार. मी मेळघाटातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राच्या सेवेत असलेला वैद्यकीय अधिकारी आहे. माझे सगळे शिक्षण शहरात झाले. केंद्राच्या हद्दीतील बहुतेक कुटुंबे कोरकू आहेत, आणि कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने मराठी-हिंदी येणाऱ्याला ती अंदाजानेही कळत नाही. पुरुष बाजारापुरती हिंदी बोलतात. परंतु ज्यांच्याशी मला बोलायचे असते त्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या सासवा गप्प असतात, आणि माझ्या प्रश्नांची उत्तरे नवरा किंवा आशाताई देतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. उरलेली कुठे होतात, हे इथे आल्यावर दिसते. ज्या स्त्रिया केंद्रात येतात त्याही अठ्ठेचाळीस तास थांबत नाहीत. रात्री बाळंत झालेली बाई सकाळी बाळाला फडक्यात गुंडाळून घरची वाट धरते, आणि त्यानंतर तिला रक्तस्राव झाला किंवा बाळाने दूध ओढणे सोडले, तर ते आमच्या कानावर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. आजारी मूल आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे जाते. कधीकधी ते आमच्याकडे येते तेव्हा त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके असतात, ज्याला इथे डंबा म्हणतात.

आसपासचे लोक या सगळ्याला अज्ञान आणि अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण याच स्त्रिया गावात लसीकरणाचा दिवस असतो तेव्हा बाळाला न चुकता घेऊन येतात. सेवा नको असती तर त्या तेव्हाही आल्या नसत्या. म्हणून जाणकारांना विचारतो आहे: आरोग्यातील या तफावतीपैकी किती भाग रिवाजांचा, किती गरिबीचा आणि अंतराचा, आणि किती आमच्या वागण्याचा? लोकांच्या रीतीप्रमाणे दवाखाना बदलून पाहिला आणि त्याचा परिणाम मोजला, असे कुठे झाले आहे का? आणि डॉक्टरने कुठे नमते घ्यावे व कुठे घेऊ नये, हे कसे ठरवावे?

वैनगंगा:

सिपना, प्रश्न तुम्ही योग्य टोकाकडून धरला आहे. लसीकरणाचा जो दाखला तुम्ही दिलात त्यातच निम्मे उत्तर आहे, म्हणून गडचिरोलीत जे घडले ते जरा विस्ताराने सांगते. मी इथे बरीच वर्षे आरोग्याच्या कामात आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम गडचिरोलीत सुरू केले. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारले की तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही. मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, तिथे आमचा देव नसतो, अशी उत्तरे मिळाली. त्यावर समजूत घालत बसण्याऐवजी शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतला दवाखाना आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांचा बांधला गेला, नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहता येईल अशी सोय झाली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले. इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया तीच राहिली. बदलले ते आजूबाजूचे सगळे. वरवर पाहता हे किरकोळ वाटेल, पण ज्या माणसाला दाराशीच परके वाटते तो आतल्या औषधापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी गोष्ट स्त्रियांच्या गप्प राहण्याची. जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याची चर्चा गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांच्यापलीकडे फारशी जात नसे. बाई बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही, असे दवाखाने गृहीत धरून चालले होते. तुमच्यासमोर बसणारी सून गप्प असते तेव्हा हा आकडा आठवावा, आणि शक्य असेल तर नवऱ्याला बाहेर थांबवून परिचारिकेला तिच्याशी एकटीशी बोलू द्यावे.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. आमच्या भागात बाळंतीण आणि बाळ काही दिवस घराबाहेर पडत नाहीत. नवजात बाळाला ताप आला, दूध ओढेनासे झाले, तरी त्याला बाहेर काढायचे नाही ही रीत, आणि बाहेर काढले तरी जायचे कुठे, हा प्रश्न. या रीतीशी भांडत बसण्याऐवजी उपचारच घरात नेले गेले. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यासाठी इंजेक्शन देणे शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून याच धर्तीची पद्धत देशभर आशांच्या कामात आली. बाळंतपण दवाखान्यात झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी झाले तर पहिल्या दिवशीही आशाने घरी जायचे असते. तुमच्या हद्दीत या भेटी कागदावर होतात की घरात, हे आधी पाहा. बाळंतीण अठ्ठेचाळीस तास थांबत नसेल, तर तिच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी जाणे हे तिला रागावण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

भूमकाला शत्रू समजू नये, असेही सांगावेसे वाटते. तो रात्री-अपरात्री घरी येतो, घरची भाषा बोलतो, पैशासाठी अडून बसत नाही आणि आजार का झाला याचे त्या कुटुंबाला समजेल असे काहीतरी कारण देतो; आपण यातले बहुधा काहीच करत नाही. मेळघाटातच आरोग्य खात्याने भूमकांना प्रशिक्षण देऊन, रुग्ण दवाखान्यात आणल्याबद्दल मानधन देण्याचा मार्ग पत्करला होता. त्याला न्यूमोनिया ओळखायला शिकवता येते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर ते धोक्याचे लक्षण आहे. गडचिरोलीत लिहिता-वाचता न येणाऱ्या सुइणींसाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांचे साधे साधन तयार केले होते, आणि त्यांना ते वापरता येत होते.

आकडेमोड:

वैनगंगा यांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण ‘रिवाज’ या शब्दाखाली किती गोष्टी घातल्या जातात याबद्दल सावध राहायला हवे. मी लोकआरोग्याच्या आकडेवारीवर काम करते.

ज्या सर्वेक्षणाचा उल्लेख मूळ प्रश्नात आहे, त्याच सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालील बालमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ४१.९ आहे, तर अनुसूचित जमातींमध्ये तो ५०.३ आहे. हा फरक पाहिला की पहिले स्पष्टीकरण नेहमी संस्कृतीचे दिले जाते. परंतु त्याच कुटुंबांमध्ये आईचे शिक्षण कमी, घरची मिळकत कमी, रस्ता नाही, आणि नेमलेला डॉक्टर बऱ्याचदा जागेवर नाही, हेही एकत्र आलेले असते. ही कारणे वेगळी काढणे कठीण असते, आणि जे वेगळे काढता येत नाही त्याला संस्कृती म्हणणे सोयीचे असते, कारण मग व्यवस्थेला काही बदलावे लागत नाही. डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आदिवासींच्या आरोग्याबद्दल २०१८ मध्ये केंद्र सरकारला अहवाल दिला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दहा कोटींहून अधिक, म्हणजे ८.६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि तरीही त्यांच्या आरोग्याचे समग्र चित्र त्याआधी एका जागी मांडलेले नव्हते. इतक्या मोठ्या समाजाबद्दल आपण इतकी वर्षे अंदाजाने बोलत होतो, याची मला खरोखर खंत वाटते.

परिणाम मोजल्याचा दाखला तुम्ही मागितला आहे. मला माहीत असलेला सर्वांत स्पष्ट दाखला पेरू देशातल्या आयाकुचो भागातला आहे. तिथे डोंगरात राहणाऱ्या केचुआ भाषक स्त्रिया आरोग्य केंद्रात बाळंतपणाला जात नसत. त्यांच्याकडे बाई उकिडवी बसून किंवा उभ्याने, दोराला धरून बाळंत होते. जवळ नवरा आणि घरची माणसे असतात. केंद्रात मात्र तिला अनोळखी लोकांसमोर उताणे झोपवले जाई, आणि बोलणे स्पॅनिशमध्ये होई. १९९९ पासून सांतिल्याना या ठिकाणी स्त्रिया आणि सुइणी यांच्याशी बोलून केंद्राची पद्धत बदलली: प्रसूतीच्या खोलीत दोर आणि बाक आले, घरच्यांना आणि सुईणीला आत येऊ दिले, कर्मचारी केचुआ बोलू लागले. केंद्रात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण १९९९ मध्ये ६ टक्के होते, ते २००७ मध्ये ८३ टक्के झाले. हे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. दरम्यान २००५ मध्ये पेरूच्या आरोग्य मंत्रालयाने उभ्या स्थितीतील बाळंतपणासाठी देशपातळीवरचे निकषही काढले.

यावर कोणी म्हणेल की ही लोकांच्या समजुतींपुढे घेतलेली माघार झाली. तसे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींमध्ये बाईला हवी ती सोबत आणि हवी ती स्थिती द्यावी असेच म्हटले आहे. उताणे झोपवणे ही डॉक्टरांच्या सोयीची रीत होती. ती दवाखान्याचा रिवाज होती, आणि तिला शास्त्र समजले गेले.

बालाघाट:

मेळघाटाबद्दल मला माहिती नाही, मी बीड जिल्ह्यातला आहे. पण ‘आकडेमोड’ यांनी जो मुद्दा मांडला त्याला आमच्याकडचे उदाहरण जोडणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्याकडे उलटे घडले: दवाखान्यापर्यंत न पोहोचण्याऐवजी स्त्रिया नको तितक्या लवकर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचल्या.

ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी धरली जाते आणि एक दिवस खाडा पडला तरी दंड होतो. फडावर पाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, आणि पहाटेपासून मोळ्या वाहण्याचे काम. अशा बाईला अंगावरून पांढरे जाण्याचा किंवा पोटदुखीचा त्रास सुरू झाला की ती खासगी डॉक्टरकडे जाते, तिला कर्करोगाची भीती घातली जाते, आणि दोन-तीन मुले झालेली असतील तर पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यात तिशी-पस्तिशीच्या स्त्रियाही होत्या. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट जिल्ह्यात आली.

बाहेरून बातम्या करायला येणाऱ्यांनी याचे वर्णनही एक विचित्र प्रथा असे केले. ही प्रथा नव्हे. आमच्या मायबहिणींनी स्वखुशीने काही स्वीकारले असेही नव्हे. मजुरीचा करार, फडावरची अस्वच्छता आणि फी घेणारा डॉक्टर यांनी मिळून त्यांना तिथे आणले. सिपना, तुमच्या बाळंतिणी सकाळीच घरी का जातात, हे विचारताना घरी कोणते काम अडले आहे आणि नवऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते का, हे अवश्य विचारा. कदाचित उत्तर रीतीभातीत सापडणारच नाही.

तापीकाठ:

नंदुरबारकडून एक छोटी भर. आमच्या भागातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. विदर्भात तो गोंड, माडिया, परधान आणि महार समाजांतही आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्यात सांधे, छाती, पोट असह्य दुखते, पण बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे असा मुलगा वारंवार दुखते म्हणून आला की त्याला कामचुकार समजले जाते, आणि जातीबद्दलचे ग्रह त्या समजुतीला खतपाणी घालतात. भारतात या आजाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीत झाली, पण त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू व्हायला २०२३ उजाडावे लागले. जो आजार शहरी मध्यमवर्गात क्वचित दिसतो तो शिकवण्यातही मागे पडतो, असे माझे मत आहे. डॉक्टर, तुमच्याकडे येणाऱ्या गरोदर स्त्रियांची ही तपासणी होते ना, हे जरूर पाहा. तपासणीचा निकाल मात्र चारचौघांत सांगू नका. वाहक असल्याचे, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी तो मुलांकडे जाऊ शकतो असे कळले म्हणून मुलींची लग्ने मोडतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, एवढे नवरा-बायकोला एकत्र बसवून शांतपणे समजावले पाहिजे, आणि दोष एकट्या बाईवर येणार नाही हे बघितले पाहिजे.

टेम्सपार:

मी इंग्लंडमध्ये प्रसूती विभागात काम करते. इथे पैसे न देता उपचार मिळतात, रस्ते आहेत, रुग्णवाहिका येते. तरीही २०१९ ते २०२१ या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांमधील मातामृत्यूचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ चौपट आणि आशियाई स्त्रियांमधील सुमारे दुप्पट होते. म्हणजे अंतर आणि फी या अडचणी दूर केल्या तरी सगळे सरळ होत नाही. दुखणे सांगणाऱ्या बाईवर विश्वास ठेवला जातो का, तिचे बोलणे तिच्याच भाषेत ऐकले जाते का, यावर फार काही अवलंबून असते. इथे नवऱ्याला किंवा मुलाला दुभाषा करू नये आणि प्रशिक्षित दुभाषा बोलवावा असा संकेत आहे. तो नेहमी पाळला जातो असे नाही, पण जिथे पाळला जातो तिथे बाई वेगळेच काही सांगते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरे म्हणजे आपली मोजमापेही कोणत्या तरी एका शरीरावरून ठरलेली असतात. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे साधन घ्या. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साधनावर आकडा ठीक दिसत असताना प्रत्यक्षात प्राणवायू कमी असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. कोविडच्या काळात याच आकड्यावरून रुग्णाला भरती करायचे की नाही हे ठरत होते. सावळ्या बाळाची कावीळ आणि निळेपणाही गोऱ्या कातडीच्या चित्रांवरून शिकलेल्या डोळ्यांना उशिरा दिसतो. जीभ, हिरड्या, तळहात आणि डोळ्यांचा पांढरा भाग पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम तुम्हाला माहीत असेलच. पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोच्या आसपास. परंतु आपली बाळे हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. खुद्द डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्यांची ९.१ टक्के होती; ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. आता इथेही दक्षिण आशियाई माणसाच्या बाबतीत हा निर्देशांक २५ ऐवजी २३ झाला की सावध केले जाते. बदलून आलेल्या मराठी कुटुंबांना मी हे आवर्जून सांगते, कारण गोऱ्यांच्या तक्त्यात आपण बारीक ठरतो आणि मधुमेहाची तपासणी लांबते.

सिपना:

सर्वांचे मनापासून आभार. ‘बालाघाट’ यांनी सुचवल्याप्रमाणे मी आमच्या परिचारिका ताईंना आणि आशांना बाळंतिणींच्या घरी जाऊन विचारायला सांगितले. मिळालेली उत्तरे अशी: केंद्रात रात्री थंडी वाजते आणि शेकायला काही नसते, सोबत आलेल्या सासूला बाहेर व्हरांड्यात झोपावे लागते, घरी मोठी मुले एकटी असतात, प्रसूतीच्या खोलीत पुरुष येतो-जातो. देवाधर्माचे कारण फार थोड्या जणींनी सांगितले. याचा मला विचार करावा लागतो आहे.

एक शंका मात्र उरते. सोबत, ऊब, बसण्याची पद्धत, जेवण हे सारे बदलता येईल. पण पोटावर चटके दिलेले मूल समोर येते तेव्हा मला संताप आवरत नाही. लोकांच्या रीतीचा आदर करायचा म्हणजे याबद्दल गप्प राहायचे का? काहींनी सल्ला दिला की पोलिसांत कळवावे.

वैनगंगा:

गप्प राहायचे नाही. तापलेल्या विळ्याने तान्ह्या मुलाला डागणे क्रूर आहे, आणि त्याला परंपरा म्हणून सूट देणे हा आदिवासींचा आदर नव्हे. आपल्या घरातल्या मुलासाठी जे आपण चालवून घेणार नाही ते त्यांच्या मुलासाठी चालवून घेणे, यात कमीपणाच आहे. आपल्या राज्यात अमानुष प्रथांविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, आणि जो माणूस पैसे घेऊन वारंवार असे करतो त्याच्याविरुद्ध तो वापरायला माझी हरकत नाही.

मात्र आईबापांच्या बाबतीत क्रम पाळावा लागतो. मूल समोर आले की आधी श्वास मोजा आणि उपचार सुरू करा; चटक्याबद्दल त्या वेळी एक अक्षरही बोलू नका. दारातच बोलणी खावी लागतात असे कळले की पुढच्या वेळी ते मूल झाकून ठेवतात किंवा आणतच नाहीत, आणि मूल चटक्यापेक्षा न्यूमोनियाने अधिक वेळा दगावते. मूल सावरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, परिचारिकेने त्यांच्याच भाषेत आईशी बोलावे. एक गोष्ट लक्षात घ्या: चटका पोटावर दिला जातो, कारण आईने मुलाचे पोट उडताना किंवा फुगलेले पाहिलेले असते. धाप लागलेल्या बाळाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, हेच ती पाहते. आजार तिला आपल्याआधी दिसलेला असतो; उपाय तेवढा घातक निवडला जातो. तिला ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘तुम्ही बरोबर पाहिलेत, पोट उडताना दिसले की त्याच घटकेला आशाकडे या’ असे सांगितले, तर ती ऐकते. आशाजवळ औषध शिल्लक असणे आणि ती घरी सापडणे ही त्यापुढची जबाबदारी आपली.

चीक काढून टाकणे, नाळ घरच्या विळ्याने कापणे, तान्ह्या बाळाला मध किंवा गुटी देणे, यांबाबतही मी नमते घेत नाही. बाळंतिणीने काय नेसावे, कोणाला जवळ बसवावे, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काय बांधावे, यात मी बोलत नाही. मुलाला इजा होते का, एवढेच मी पाहते. आमच्याकडे पाळीच्या काळात माडिया स्त्रियांना गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहावे लागते. तिथे मात्र हा प्रश्न इतका सरळ सुटत नाही. पडक्या झोपडीत साप-विंचवांमध्ये आणि आजारपणात एकटे राहणे जिवावर बेतू शकते, म्हणून काही गावांत पक्की, दिवा-पाणी असलेली घरे बांधून दिली गेली. त्यावर, यामुळे प्रथाच पक्की होते असा आक्षेप आला. मला तो आक्षेपही रास्त वाटतो आणि आजच्या रात्री त्या बाईला कोरडी जमीन मिळणेही आवश्यक वाटते. यातले काय आधी करावे, हे तिथल्या स्त्रियांनाच ठरवू द्यावे, असे मला वाटते.

तुमच्या यादीतील गोष्टी बहुतेक तुमच्याच हातात आहेत. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून गोधड्या, पाणी तापवण्याची सोय आणि सासूसाठी आत एक खाट घेता येते. त्यासाठी समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या, आणि त्या बैठकीला गावातील दोन वडीलधाऱ्या स्त्रियांना बोलवा. प्रसूतीच्या खोलीत विनाकारण येणारा पुरुष कर्मचारी तुमच्या एका तोंडी सूचनेने थांबेल. मोठ्या मुलांसाठी माहेरघर योजना पाहा. आदिवासी भागातील केंद्रांत गरोदर बाईला दिवस भरत आले की लहान मूल आणि एक नातेवाईक यांच्यासह येऊन राहता येईल अशीच तिची रचना आहे. तुमच्या केंद्रात ती खोली असेल तर तिथे आत्ता काय ठेवले आहे ते एकदा उघडून पाहा. आणि १०२ क्रमांकाची सरकारी रुग्णवाहिका बाळंतिणीला घरी सोडायलाही असते, हे तिच्या नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. परतीची सोय नसल्याच्या धास्तीने बरीच कुटुंबे सकाळी मिळेल त्या जीपने निघून जातात.